ज्याचा त्याचा डबा

नीलकमल सोसायटी, मोरवा रस्ता,
भाईंदर (पश्चिम)
३ ऑक्टोबर १९९४

ती. अक्कास,
नागूचा जयभीम.

काल रविवारी सकाळी बुद्धवंदना आटोपली, चहा घेतला, आणि समोरच्या बांधकामावरच्या मिस्त्रीकडून कुदळ मागून आणून इमारतीच्या मागे खड्डा खणला. सुट्टी होती, म्हणून गॅलऱ्यांतून माणसं उभी राहून बघत होती. वरून एकाने विचारलं, "क्या नागोरावजी, खजाना मिला क्या?" मी म्हटलं, "अभी डाला ही नहीं, तो मिलेगा कैसे?" वर हसले. खाली माझ्या तळहातांना फोड आले. दवाखान्याच्या स्टोअरमध्ये कागदांवर सह्या करून करून हात असे झालेत की बाबांनी पाहिले असते तर त्यांना ओळखू आले नसते. इथली माती वर भरावाची आणि खाली खाडीची, काळी, चिकट. कुदळ आत जाते, बाहेर यायला तयार नसते.

खड्डा कशाला, ते सांगतो. आमच्याकडे सरूबाई म्हणून एक म्हातारी यायची. जिने झाडायची, घरोघरचा कचरा न्यायची. पावसाळ्यात तिचे गुडघे गेले, मुलीकडे निघून गेली. तिच्या जागी कुणी आलं नाही. नगरपरिषदेची गाडी नाक्यावर येते, आली तर. मग लोक प्लास्टिकच्या पिशवीला गाठ मारून मागच्या भिंतीपलीकडे भिरकावू लागले. त्याचा ढीग वाढत गेला. उंदीर, कुत्री, माश्या. तरी कुणी बोलत नव्हतं. आता सुरतेच्या प्लेगच्या बातम्या आल्या आणि सगळे तोंडाला रुमाल बांधून फिरू लागले. सोसायटीची मीटिंग झाली. मी सहसा मीटिंगमध्ये बोलत नाही. त्या दिवशी बोललो. म्हटलं, आपल्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त साली, शिळं अन्न आणि चहाचा चोथा. ते मातीत घालू, त्याची माती होईल. कागद, बाटल्या भंगारवाला नेईल. मग उरतं किती?

सेक्रेटरी ईश्वरभाई म्हणाले, "आप देख लो नागोरावजी. आपको गाँव का अनुभव है." बाकीच्यांनी माना हलवल्या. ज्याने त्याने आपला ओला कचरा डब्यात घेऊन खाली यायचं ठरलं.

अनुसयाने जुन्या पातळाच्या पिशव्या शिवल्या आहेत, म्हणजे बाजारातून प्लास्टिकची पिशवी घरात यायलाच नको. स्नेहल ती पिशवी घेऊन कॉलेजच्या वाटेवर भाजी आणायला लाजते, पण आणते.

माय उकिरड्याला वास येऊ देत नव्हती, ते कसं? मला फक्त त्याच्या कडेला बसून धडे पाठ केल्याचं आठवतं.

तुझा,
नागू


मु. धानोरा, जि. परभणी
२१ ऑक्टोबर १९९४

चि. नागूस,
अक्काचा जयभीम आणि तुम्हा तिघांना आशीर्वाद.

पत्र पोचलं. बुद्धभूषण वाचून दाखवतो म्हणत होता. मी त्याच्या हातातून घेतलं. चौथी झालेली आजी आहे म्हटलं, नातवाच्या तोंडून कशाला ऐकू. डोळ्याला धार लागली पण वाचलं.

तू उकिरड्याच्या कडेला धडे पाठ करीत नव्हतास. झोपत होतास. पुस्तक तोंडावर ठेवून. म्हैस येऊन पुस्तक चाटून गेली होती, ते विसरलास वाटतं.

आता नीट ऐक. ओलं टाकलं की वरून सुकं टाकायचं, पाला, भुसकट, काय मिळेल ते. राख मुठीनं भुरभुरायची, ढिगानं नाही. मिठाचं, लोणच्याचं टाकू नको. शेण मिळालं तर पाण्यात कालवून शिंपड. आठवड्याला वरचं खाली, खालचं वर कर. माय रोज हात लावायची म्हणून वास नव्हता. हात लावला नाही की कुजतं, हात लावला की मुरतं.

आणखी एक. आपल्या उकिरड्यात आपल्याच घरचं होतं. तुझ्या खड्ड्यात सगळ्या इमारतीचं येणार. ज्यानं त्यानं आपल्या हातानं आणून टाकावं. पहिल्या दिवसापासून तीच सवय लाव. तुझा स्वभाव मला माहीत आहे. पंगतीत वाढायला कुणी उठलं नाही की तू उठतोस.

स्नेहलला म्हणावं, पिशवीला लाजू नको, भाजीच्या भावाला लाज.

अक्का


भाईंदर
१५ जानेवारी १९९५

ती. अक्कास,
जयभीम.

उशीर झाला. ऑफिसात वर्षअखेरची मोजणी होती, आणि घरी आलो की खड्डा. तू सांगितलंस तसं सगळं केलं. राख मिळत नाही, सगळीकडे गॅस. मोरव्याचा हरिश्चंद्र म्हणून एक वांगीवाला आहे, त्याची चुलीची राख आणि गोठ्यातलं शेण आणतो. बदल्यात त्याने पहिलं खत नेलं. चार दिवसांनी रस्त्यात भेटला.

"सायेब, खत चांगला हाय. पन त्यात दाढीचा पाता गावला."

मी खूप शरमलो.

"आता वांग्याला दाढी न्हाय येत, मना म्हाईत हाय," म्हणाला, "पन माजे पायात गेला असता."

तेव्हापासून मी प्रत्येक डबा हाताने चाळून टाकतो. काय काय निघतं म्हणून सांगू. बटणं, औषधाच्या पुड्या, एकदा देवाला वाहिलेला दोरा, एकदा चांदीचं जोडवं. जोडवं परत दिलं तेव्हा त्या बाईने आधी मोरीत धुतलं, मग थँक्यू म्हणाली.

व्यवस्था आता बरी लागली आहे. डबे वेळेवर खाली येतात. भिंतीपलीकडचा ढीग नगरपरिषदेकडे अर्ज करकरून उचलवून घेतला आणि पुन्हा झाला नाही. ईश्वरभाई शेजारच्या इमारतीच्या लोकांना आणून खड्डा दाखवतात. "हमारा प्रोजेक्ट," म्हणतात.

अंग मात्र दुखतं. सकाळी वंदनेला बसलो की गुडघा वाकत नाही. पण खड्ड्यावरचं झाकण काढल्यावर आतून जी ऊब येते ना, तिच्यावर हात धरून दोन मिनिटं उभा राहतो. काल ज्याला आपण पोळी म्हणत होतो, डाळ म्हणत होतो, ते नाव सोडून चाललेलं असतं. विहारात भंतेजी अनित्याबद्दल सांगतात, ते मला खड्ड्याशी जास्त कळतं. हे मी कुणाला बोललेलो नाही.

शेजारच्या दाजींचा राघो सहा डिसेंबरला दादरला आला होता, दुसऱ्या दिवशी सकाळी इकडे येऊन गेला. चहा अर्धा टाकून उठला. घाईत होता. मुंबईला बिचकला असेल.

तुझा,
नागू


धानोरा
२८ जानेवारी १९९५

नागू,

राघो मुंबईला बिचकला नव्हता. तुला बघून बिचकला.

महिनाभर मी वाट पाहिली, तू स्वतःहून लिहिशील म्हणून. तू लिहिलंस डबे खाली येतात. डब्यांना पाय फुटले का? राघोनं तुला जिन्यात पाहिलं. दोन्ही हातांत बादल्या. दाराची बेल वाजवून "कचरा" म्हणून ओरडताना पाहिलं. गावात येऊन त्यानं दाजींना सांगितलं, दाजींनी पारावर सांगितलं. आता गावात असं आहे की नागोरावची नोकरी गेली आणि तो मुंबईला घरोघरचा कचरा काढून पोट भरतो, ऑफिस वगैरे सगळं सांगण्यापुरतं. परवा विहारात एक जण मला म्हणाला, "वैजयंताबाई, साहेबांचं कसं काय?" साहेब म्हणताना हसला.

नोकरी गेली असेल तर सरळ लिही. त्यात लाज नाही. इथं दोन खोल्या आहेत, विहीर आहे. अनुसयाला आणि पोरीला घेऊन ये.

नोकरी गेली नसेल तर मात्र मला सांग, हे तू काय मांडलं आहेस.

तू लहान होतास, तुला माहीत नाही. बाबांकडं गावची येसकरकी होती तेव्हा संध्याकाळी भाकर मागायला टोपलं घेऊन घरोघर जावं लागायचं. बाबांना दुसरं काम निघालं की मला पाठवायचे. मी बारा-तेरा वर्षांची. दारापुढं उभं राहून ओरडायचं. बाई बाहेर यायची, आणि भाकर वरून सोडायची. टोपल्याला हात लागू नये म्हणून. कधी टोपल्यात पडायची, कधी मातीत. काही बाया फार चांगल्या होत्या, विचारपूस करायच्या, माय बरी आहे का म्हणायच्या. पण सोडायच्या वरूनच.

छप्पन साली बाबांनी येसकराची घुंगराची काठी चावडीत नेऊन ठेवली आणि सांगितलं, आजपासून आमच्या घरातलं कुणी येणार नाही. पुढं वर्षभर गावानं कुणी कामाला लावलं नाही. आपण काय खाऊन राहिलो ते तुला सांगत नाही. त्या वर्षात मी एकदा बाबांना म्हणाले, जाऊ का टोपलं घेऊन? आयुष्यात एकदाच त्यांनी मला मारलं.

मी काम वाईट म्हणत नाही. उकिरडा मीही करते. घरोघर जाऊन ओरडायचं काम वाईट.

अक्का


भाईंदर
९ फेब्रुवारी १९९५

ती. अक्कास,
जयभीम.

नोकरी शाबूत आहे. मुद्दाम ऑफिसच्या कागदावर हे पत्र लिहितोय, पारावर दाखव हवं तर.

हो, मीच घरोघर जातो. पहिले पंधरा दिवस लोक खाली आले. मग कुणाची कंबर, कुणाचं पाणी त्याच वेळेला येतं, कुणाचं बाळ रडतं. डबे जिन्यात राहू लागले, जिन्यात वास, मग परत भिंतीपलीकडे पिशव्या. मी ऑफिसला जाण्याआधी एक चक्कर मारली तर काय बिघडलं, असं वाटलं. बिघडलं काहीच नाही. ढीग गेला, उंदीर गेले.

तू म्हणतेस ते मला समजतं. पण अक्का, बाबांवर ते काम लादलेलं होतं. मी माझ्या मनाने घेतलं आहे. मनाने घेतलेलं आणि लादलेलं एक कसं होईल? इथे कुणी कुणाची जात विचारत नाही. गुजराती आहेत, मारवाडी आहेत, गिरगावातून आलेली मराठी माणसं आहेत, सगळे पाण्याच्या टँकरमागे एकाच रांगेत. आपण घरोघर गेलो की लहान होतो, असं मानलं तर भिक्खूही घरोघर जातो. चौथ्या मजल्यावरच्या मनोरमाबाई मला दादा म्हणतात.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर सोसायटीने माझा सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला. ईश्वरभाई बोलले, टाळ्या झाल्या. अनुसया मागे उभी होती, तिने टाळी वाजवली नाही. तिचंही तुझ्यासारखंच.

मी हे सोडणार नाही. हाताशी आलेली एक चांगली गोष्ट गावातल्या हसण्यापायी टाकून देऊ का?

नागोराव


(पोस्टकार्ड)

धानोरा
२० फेब्रुवारी १९९५

नागोराव,

ऑफिसचा कागद पारावर नेला नाही. चुलीतही घातला नाही. ट्रंकेत आहे.

भिक्खूचं पात्र खाली ठेवलं की पुढच्या दिवशी कुणी त्याच्या पोराला शोधत येत नाही.

शाल दिली, चांगलं झालं. शाल देणाऱ्यांपैकी आपला डबा घेऊन खाली कोण कोण आलं, तेवढं कळव. मग मी लिहीन.

वैजयंता


भाईंदर
७ मे १९९५

ती. अक्कास,
नागूचा जयभीम.

तुझ्या कार्डाला उत्तर द्यायला अडीच महिने लागले. त्या प्रश्नाचं उत्तर दोन शब्दांचं होतं, आणि ते लिहिण्याऐवजी मी काहीच लिहिलं नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला मला मलेरिया झाला. आमच्याकडे घरोघर असतो. थंडी वाजून ताप चढायचा, घाम फुटून उतरायचा, मी पडून असायचो. खड्ड्याचा विचारही डोक्यात नव्हता. चार-पाच दिवसांनी सकाळी जरा उठून बसता आलं. भिंत धरून मागच्या गॅलरीत गेलो. खाली खड्ड्यापाशी स्नेहल होती. ओढणी कमरेला बांधलेली, कॉलेजची पिशवी भिंतीला टेकवून ठेवलेली, बादली उपडी करत होती.

ती वर आल्यावर विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"मग?"

"डबे आपल्या दाराशी आणून ठेवले होते सगळ्यांनी. पहिल्या दिवशी मला वाटलं, ठेवू दे. दुसऱ्या दिवशी वास यायला लागला. मग उचलले." हात धुता धुता म्हणाली, "आता तर मीच जाते वर. दाराशी सांडवून ठेवतात, त्यापेक्षा ते बरं. पप्पा, मनोरमाकाकू लांबून टाकतात हो, अंगावर उडतं. म्हटलं बादलीत नीट टाका, तर म्हणाल्या, अगं आंघोळ झालीय माझी. आणि उद्यापासून जरा लवकर ये हं, म्हणाल्या, मला दूध तापवायचं असतं."

ती हसत सांगत होती. तिला ते हसण्यासारखंच वाटत होतं. कॉलेजला उशीर झाला म्हणून तशीच निघून गेली.

मनोरमाबाई वाईट नाहीत अक्का. तापात त्यांनी माझ्यासाठी दोनदा काढा पाठवला. तोही स्नेहलच्याच हाती.

मी पलंगावर पडून राहिलो. सरूबाईची जागा रिकामी होती, ती मी भरली. माझी रिकामी झाली, ती माझ्या मुलीने भरली. कुणी हुकूम केला नाही, कुणी धमकावलं नाही, मीटिंगही घेतली नाही. एवढ्या मोठ्या इमारतीत एकालाही प्रश्न पडला नाही की आता कोण. मी मनाने घेतलं होतं. तिने मनाने घेतलं नव्हतं, आणि लादलंही कुणी नव्हतं. तुला मी फेब्रुवारीत जो भेद समजावून सांगितला होता, त्याच्या मधोमध माझी पोर बादली घेऊन उभी होती.

अनुसयाला म्हटलं, "तू तिला अडवलं नाहीस?"

"मी तुम्हाला अडवलं होतं," ती म्हणाली, "काय झालं?"

ताप गेला तरी मी लगेच काही केलं नाही. तुला वाटेल त्याच दिवशी उठलो असेन. नाही. स्नेहलला बंद केलं आणि पुन्हा स्वतः जाऊ लागलो. ज्या खड्ड्याशी रोज उभं राहून मन शांत होतं, तो मी थांबलो की मरणार, हे दिसत होतं. शिवाय आपण रुसलो असं लोकांना वाटेल, याचीही भीती होती. शालीची, टाळ्यांची सवय लागली होती का, तेही मला सांगता येत नाही. विहारात बसून विचार केला. तिथेही तेच दिसायचं, पायऱ्या आणि बादल्या. फार थकलो होतो. बादली उचलण्याने जितका थकतो त्याहून जास्त, ती खाली ठेवायची कशी या विचाराने.

तापात लागलेली सवय बऱ्याच घरांनी सोडली नव्हती; मागच्या रविवारी सकाळीही आमच्या दाराशी डबे होते. मी ते खाली नेले नाहीत. एकेक उचलून ज्याच्या त्याच्या दारी नेला, बेल वाजवली, आणि भरलेला डबा हातात दिला.

बहुतेकांना वाटलं मी रिकामा करून आणला आहे. हातात घेतला आणि जडपणा लागला की मग खाली बघायचे.

ईश्वरभाई बनियनवर दार उघडून आले. "अरे नागोरावजी, ये तो भरा हुआ है."

"हां जी. आपका है."

"तबियत ठीक नहीं क्या? बेटी को भेज देते."

मी म्हटलं, "बेटी भी नहीं आएगी. मैं भी नहीं. जैसा मीटिंग में तय हुआ था, सब अपना अपना लेकर नीचे आएँगे. मिट्टी डालना, पलटना, मैं सिखा दूँगा."

त्यांनी डबा उंबऱ्याबाहेर ठेवला. "नाराज हो गये. शॉल भी तो दिया था."

"शॉल अच्छी है."

"फिर तो आदमी रखना पड़ेगा."

"या नीचे आना पड़ेगा," मी म्हटलं.

मनोरमाबाईंनी दोन बोटांनी कडी धरून डबा घेतला. "दादा, माझं काही चुकलं का?"

"चुकलं काही नाही," मी म्हटलं. "डबा तुमचा आहे."

एवढंच बोलता आलं. माझ्या मनात रोज किती तरी बोलणं तयार व्हायचं, भाषणच म्हण. दारात उभं राहिल्यावर त्यातलं एकही वाक्य वापरावं असं वाटलं नाही.

आता या आठवड्याचं सांगतो, म्हणजे तुला उगाच मोठं काही झालं असं वाटायला नको. ईश्वरभाई माणूस शोधतायत, मिळत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी बोलणं सोडलं. एकाने जिन्यात मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "सिर पे चढ़ाया तो यही होगा." भिंतीपलीकडे पुन्हा पिशव्या पडू लागल्या आहेत.

बुधवारी मला अर्धी रजा होती. दुपारी, सगळे झोपलेले असताना, मनोरमाबाई पदर नाकाला लावून डबा घेऊन खाली आल्या. मी गॅलरीत होतो, त्यांनी पाहिलं नाही. डबा उपडा केला आणि तशाच उभ्या राहिल्या. पुढे काय करायचं ते माहीत नव्हतं. मग आजूबाजूला बघून पायानेच थोडी माती ढकलली आणि भराभर वर निघून गेल्या. त्यानंतर आल्या की नाही, मला ठाऊक नाही. मी पाळत ठेवत नाही.

खड्ड्यात आता आमच्याच घरचं पडतं. एवढ्या मोठ्या खड्ड्याला ते पुरत नाही, ऊब धरत नाही. तरी मी वरखाली करतो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आता लिहितो. कुणी नाही. फेब्रुवारीत कुणीच येत नव्हतं.

आज सकाळी वंदना झाल्यावर आमचा डबा घेऊन उतरलो. भिंतीवरून टाकलेली एक पिशवी आतल्या बाजूला पडून फुटली होती. भात, साली, अंड्याची टरफलं, सगळी पायवाटेवर. कावळे आले होते. माझा हात आपोआप फावड्याकडे गेला, तो मी मागे घेतला. आमचा डबा रिकामा केला, वर सुका पाला आणि माती टाकली, हात धुतले, आणि फुटलेल्या पिशवीला वळसा घालून घरी आलो.

तुझा,
नागू